टेकडी, टेथर आणि मामाची सही

मागच्या अंकात ओहायोतल्या ओरेगोनिया गावाजवळच्या ‘डेव्हिल्स स्टेअरकेस’ या टेकडीबद्दल मी लिहिलं होतं. डेटन मोटरसायकल क्लब तिथे मातीच्या उभ्या चढावर मोटरसायकलींची शर्यत भरवतो, तिला ‘हिलक्लाइंब’ म्हणतात. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी ती एकत्र बांधून माझ्याकडे पाठवली आणि म्हणाले, ‘ताई, आता उत्तरं तुम्हीच द्या.’ ती इथे देते आहे. पत्रलेखकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी माझी ओळख थोडक्यात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या वडिलांचं वर्कशॉप होतं, तिथे मी हाताला ग्रीस लावून घेत मोठी झाले. १९९९ साली ओहायोत आले. २००८ पासून हिलक्लाइंबच्या उतारावर ‘कॅचर’ म्हणून उभी राहिले, म्हणजे घसरत खाली येणारी गाडी अडवणारी. २०१२ पासून तांत्रिक तपासणीच्या तंबूत बसते. मी स्वतः शर्यतीत उतरलेली नाही. पण उतरणाऱ्यांच्या गाड्या मी तपासल्या आहेत, आणि त्यांतल्या काही माझ्या अंगावरही आल्या आहेत.

टेकडीवर चढायचं एवढंच असेल तर जिंकतो कोण? घड्याळ लावतात की अंतर मोजतात?
*एक वाचक, नाशिक*

दोन्ही. आधी प्रश्न हा, की माथ्यापर्यंत पोचलात का? जे पोचले त्यांच्यात सर्वांत कमी वेळ घेणारा पहिला. जे पोचले नाहीत त्यांचा क्रम कोण किती वर गेलं त्यावर लागतो, म्हणून उताराच्या कडेला फुटांच्या खुणा असतात. एखाद्या दिवशी पाऊस पडून टेकडी निसरडी झाली की एका गटातला एकही माणूस माथा गाठत नाही. तेव्हा करंडक दोनशे दहा फुटांवर पडलेल्याला मिळतो, कारण बाकीचे एकशे नव्वदवरच पडलेले असतात.

बहुतेक ठिकाणी प्रत्येकाला दोन संधी मिळतात आणि त्यातली चांगली धरतात. मार्गाच्या दोन्ही बाजूंना हद्द आखलेली असते. गाडी हद्दीबाहेर गेली की तिथेच तुमचा प्रयत्न संपला, मग पुढे तुम्ही माथ्यावर पोचलात तरी. सुरुवातीला मागचं चाक एका ओंडक्याला किंवा मातीच्या बांधाला टेकवून उभं करतात. झेंडा पडल्याबरोबर निघालंच पाहिजे असं नसतं. घड्याळ तुम्ही त्याला जोडलेला प्रकाशकिरण ओलांडल्यावर चालू होतं. त्यामुळे नवख्या माणसाने श्वास घ्यावा, वर बघावं, वाट डोळ्यांत साठवावी आणि मगच क्लच सोडावा. अख्खा प्रयत्न साधारण दहा सेकंदांच्या आत-बाहेर आटोपतो. त्या दहा सेकंदांसाठी लोक चारशे मैलांवरून गाडी ट्रकवर चढवून आणतात.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. चार वर्षं तो मातीतल्या ट्रॅकवर गाडी चालवतो. त्याचा मामा पेन्सिल्व्हेनियात राहतो आणि व्हाइट रोज क्लबच्या टेकडीवर त्याला घेऊन जायला तयार आहे. आम्हा दोघांना सुट्टी नाही. वयाची अट काय? आणि खरं सांगा, पाठवू का?
*एक आई, एडिसन, न्यू जर्सी*

ताई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. सोपा आधी घेते.

अमेरिकेतल्या बहुतेक हौशी शर्यती अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या, म्हणजे एएमएच्या नियमांखाली होतात. ही संस्था १९२४ सालची आहे आणि तिचं मुख्यालय ओहायोतच, पिकरिंग्टनला आहे. एएमएचं सभासदत्व शर्यतीच्या दिवशी चालू असावं लागतं. मुलांना मज्जाव अजिबात नाही. लहान मुलांचे छोट्या इंजिनांचे गट असतात. प्रत्येक गटाला वयाची खालची आणि वरची मर्यादा असते आणि ती त्या त्या स्पर्धेच्या पत्रकात छापलेली असते. पत्रक आधी मागवून शब्दन् शब्द वाचा, कारण एका क्लबात असलेला गट दुसऱ्या क्लबात असेलच असं नाही.

वयाचा पुरावा मागू शकतात. आपल्याकडच्या काही जन्मदाखल्यांवर मुलाचं नावच नसतं, नुसतं आईबापांचं असतं. असा दाखला घेऊन आलेलं एक कुटुंब नोंदणीच्या टेबलासमोर रडकुंडीला आलेलं मी पाहिलं आहे. पासपोर्ट बरोबर ठेवा.

आता मामा. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांचीच सही लागते. मामाची सही चालत नाही. आपल्या घरात मामाचा मान आईइतकाच. पण नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या बाईंना ते सांगून उपयोग नाही. पालक नसताना आधी सही करून कागद पाठवायची सोय कधी कधी असते, नोटरीसकट. आयोजकांना फोन करून विचारा. पण माझं मत विचाराल तर तुमच्यापैकी एकाने सुट्टी काढावी.

कारण तुमचा दुसरा प्रश्न त्यातच आहे. त्या कागदावर लिहिलेलं असतं की या खेळात गंभीर इजा होऊ शकते, मृत्यूही होऊ शकतो, आणि हे समजून मी मुलाला परवानगी देतो. ते वाक्य घरी सोफ्यावर बसून वाचणं आणि टेकडीच्या पायथ्याशी मान वर करून वाचणं यात फार फरक आहे. मी माझ्या मुलाच्या कागदावर सही केली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. पहिल्या वेळी मी पेन खाली ठेवलं आणि त्याला घरी परत घेऊन आले. दीड महिन्यांनी पुन्हा गेलो, त्या दिवशी सही केली. पहिल्या दिवशी त्याला गाडी सोडता येत नव्हती, दुसऱ्या वेळी येत होती. एवढाच फरक होता.

गाडी सोडणं म्हणजे काय ते नीट सांगते. उभ्या चढावर पुढचं चाक उचललं जातं, वजन मागे जातं आणि गाडी तुमच्यावर उलटायला लागते. सपाट ट्रॅकवर वाढलेल्या मुलाचा हात अशा वेळी हँडल घट्ट धरतो. घट्ट धरला की मूठ फिरते, मूठ फिरली की ॲक्सिलरेटर वाढतो, आणि गाडी आणखी उलटते. त्या क्षणी दोन्ही हात उघडून बाजूला होता आलं पाहिजे, आणि तेही चढाच्या वरच्या अंगाला. गाडी आपल्या खाली असावी, आपण गाडीच्या खाली असू नये. मुलाला एखाद्या छोट्या गवताळ चढावर न्या. इंजिन बंद ठेवून, गाडी हळूच मागे कलवून, वीस वेळा हे करून घ्या. एकविसाव्या वेळी न सांगता त्याचे हात उघडले, तर पाठवा.

आणि वाढत्या वयाचा आहे म्हणून आत्ताच मोठी ४५० सीसीची गाडी घेऊन ठेवू नका. या वयात चूक झाली तर ती दुरुस्त करायला वेळ देणारी गाडी हवी.

मी कोलंबसमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे, एच-वन-बी व्हिसावर. माझ्याकडे केटीएम ३९० ड्यूक आहे. पाइक्स पीकचे व्हिडिओ बघून वेड लागलं आहे. तिथे भाग घ्यायला पात्रता काय? अमेरिकन मोटरसायकल लायसन्स अजून काढलेलं नाही.
*एक वाचक, ओहायो*

पाइक्स पीकचं दार बंद झालं आहे. कोलोरॅडोतला तो रस्ता जवळजवळ वीस किलोमीटर लांब, १५६ वळणांचा, शेवट १४,११५ फुटांवर. १९१६ साली तिथे पहिली शर्यत झाली, तेव्हाही मोटरसायकली होत्या. पूर्वी तो मातीचा होता, २०१२ च्या शर्यतीपर्यंत पूर्ण डांबरी झाला. त्याच वर्षी कार्लिन डन याने मोटरसायकलवर पहिल्यांदा दहा मिनिटांच्या आत माथा गाठला. पुढच्या वर्षी विजेवर चालणारी गाडी घेऊन आला आणि पेट्रोलवाल्यांना मागे टाकून पुन्हा जिंकला. चार वेळा जिंकलेला तो माणूस ३० जून २०१९ रोजी, शेवटची रेषा अगदी नजरेच्या टप्प्यात असताना पडला आणि गेला. छत्तीस वर्षांचा होता. त्याच दिवशी रेनी स्केसब्रुकने ९ मिनिटं ४४.९६३ सेकंदांचा विक्रम केला, आणि त्या विक्रमाचा आनंद कुणालाच साजरा करता आला नाही. २०२० साली मोटरसायकली थांबवल्या आणि २०२१ मध्ये आयोजकांनी त्या कायमच्या बंद केल्या. मला तो निर्णय पटतो. तिथे बऱ्याच ठिकाणी कडेला संरक्षक कठडा नाही आणि खाली शेकडो फूट दरी आहे.

तुम्ही जवळ राहता तो हिलक्लाइंब वेगळा आहे, मातीचा, सरळ उभा, तीनशे-चारशे फुटांचा. त्याच्या पात्रतेत तुमचं कोडिंग, व्हिसा किंवा राज्याचं मोटरसायकल लायसन्स कुठेच येत नाही. बंदिस्त खाजगी जागेवरची शर्यत आहे, रस्ता नाही. एएमएचं सभासदत्व, नोंदणी शुल्क, जबाबदारी-माफीच्या कागदावर सही, तपासणीत उतरलेली गाडी आणि अंगावरचा पोशाख, एवढं लागतं. मात्र रोख बक्षिसाचे गट काही ठिकाणी असतात. व्हिसावर असताना तुम्ही करंडकाच्याच गटात राहा. पैशाचा विषय आला तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

नोकरीतल्या आरोग्य विम्याची कागदपत्रं काढून त्यात ‘रेसिंग’ हा शब्द शोधा. काही पॉलिसींमध्ये शर्यतीतली इजा वगळलेली असते. हा फोन शर्यतीआधी करायचा असतो. मोडलेल्या हातानिशी तो करणारे मी पाहिले आहेत.

तुमची ड्यूक मात्र घरीच राहू द्या. ती डांबरासाठी बनवलेली गाडी आहे. मातीच्या चढावर गुळगुळीत टायर पहिल्या वीस फुटांत जागच्या जागी फिरेल. जुनी मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या शर्यतीची, २५० सीसीची गाडी घ्या, दात असलेले टायर घाला आणि पहिल्या वर्षी नवख्यांच्या गटात उतरा. खरोखरच नवखे असाल तरच. दुसरीकडे वरच्या गटात करंडक घेऊन इथे नवख्यांत नाव घालणारे दर वर्षी एक-दोन तरी येतात, आणि टेबलावरच्या लोकांना ते बहुधा माहीत असतं.

आम्ही इंजिनिअरिंगची मुलं आहोत. तांत्रिक तपासणीत नेमकं काय बघतात? आणि ‘टेथर’ म्हणजे काय?
*एक विद्यार्थी, पुणे*

बाळा, तुझ्या पत्रासाठी मी सगळ्यांत जास्त जागा ठेवली आहे.

गाडी समोर आली की मी आधी हँडल पूर्ण डावीकडे वळवते, ॲक्सिलरेटर पिळते आणि सोडते. मूठ आपोआप झटकन मिटली पाहिजे. मग पूर्ण उजवीकडे वळवून तेच. केबल कुठे ओढली जात असेल तर ती एका बाजूलाच अडकते, सरळ हँडलवर कधीच कळत नाही. वडील हे गिऱ्हाइकाची गाडी परत देताना करायचे. मला हे नियम-पुस्तकाने शिकवलं नाही.

मग क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरची टोकं. तिथे अर्धा इंच व्यासाचा गोळा असावा लागतो. पडताना गोळा तुटला असेल आणि लिव्हरचं टोक सुळ्यासारखं राहिलं असेल, तर गाडी परत. हँडलच्या नळीची टोकं बंद हवीत. उघडी नळी माणसाच्या पोटात पंच मारल्यासारखी घुसते. पाय ठेवायची खुंटी वर दुमडली पाहिजे आणि स्प्रिंगने परत आली पाहिजे. चेन आणि स्प्रॉकेट, म्हणजे तिचं दातेरी चक्र, जिथे भेटतात तिथे बोट जाणार नाही असं झाकण हवं. स्टँड काढलेला, काच एकही नाही, चाकाच्या ॲक्सलचा नट पिन घालून अडवलेला. हेल्मेटच्या आतलं लेबल मी वाचते. अमेरिकेच्या डीओटी, युरोपच्या ईसीई किंवा स्नेल या प्रमाणाचं शिक्कामोर्तब लागतं. पुण्याहून आणलेलं आयएसआयचं हेल्मेट कितीही मजबूत असलं तरी इथे चालत नाही. एका मुलाला मी यावरून परत पाठवलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण ते त्याच्या आजोबांनी घेऊन दिलेलं होतं. बूट किमान आठ इंच उंच, गॉगल, लांब बाह्या, लांब पँट.

हिलक्लाइंबच्या गाडीचा मागचा भाग लांबलेला दिसतो. तो स्विंगआर्म. मागचं चाक जितकं लांब मागे, तितकं पुढचं चाक उचलायला कठीण. काही जण मागच्या टायरला फावड्यासारखे दात लावतात. किती लांबी चालेल, कुठला टायर चालेल, हे गटागटाप्रमाणे बदलतं आणि काही गटांत कंपनीतून आली तशीच गाडी लागते. त्यात फार रमू नका.

आता टेथर. इंजिन बंद करणाऱ्या स्विचला एक दोरी असते. तिचं दुसरं टोक चालकाच्या मनगटाला बांधलेलं. माणूस गाडीपासून वेगळा झाला की दोरी खटका ओढून काढते, इग्निशनचा करंट तुटतो, इंजिन मरतं. हिलक्लाइंबमध्ये याशिवाय गाडी सुरूच करू देत नाहीत. मातीच्या सपाट ट्रॅकवर पडलेली गाडी जिथे पडते तिथे थांबते. इथे ती परत खाली येते.

२०११ च्या वसंतात मी उतारावर, साधारण अर्ध्या उंचीवर उभी होते. एक लाल ४५० वर आली, पुढचं चाक उचललं, चालक मागे फेकला गेला. आम्ही तिघे कॅचर पुढे सरकलो. गाडी आडवी पाडून चढाला समांतर टेकवायची, म्हणजे ती घरंगळत नाही, ही आमची रीत. पण हिचं इंजिन बंद झालं नव्हतं. टेथर होता, नियमाप्रमाणे मनगटालाही होता. फक्त दोरी फार लांब होती. सराव करताना दोनदा चुकून खटका निघाला म्हणून चालकाने घरी लांब दोरी जोडली होती. माणूस पडला, दोरी ताणलीच गेली नाही. मागचं चाक पूर्ण वेगात फिरत गाडी माझ्या उजव्या पायावर आली. नडगीची दोन्ही हाडं मोडली. त्यात आजही एक पट्टी आणि सहा स्क्रू आहेत आणि ओहायोच्या जानेवारीत ते मला वेळ सांगतात.

तो मुलगा संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये आला, माझ्या पलंगाशेजारी उभा राहून रडला. मी त्याला रागावले नाही. ती गाडी सकाळी तपासणीतून सुटली होती. टेथर आहे का, हे पाहिलं गेलं होतं. किती लांब आहे, हे पाहिलं गेलं नव्हतं. पाय बरा झाल्यावर मी क्लबाला म्हटलं, मला आता त्या टेबलावर बसवा.

म्हणून माझ्या टेबलावर चालकाला मी गाडीवर बसवते, टेथर बांधायला लावते, इंजिन सुरू करायला सांगते. मग म्हणते, आता मागे पडल्यासारखे हात सोड. हात हँडलवरून उठून कोपर सरळ व्हायच्या आत इंजिन मेलं पाहिजे. नाही मेलं तर दोरी कापून लहान करून आण. काही जण वैतागतात. वैतागू देत.

तुम्ही मुलं गाडी बनवाल तेव्हा वर चढायची ताकद मोजाल, गुणोत्तरं काढाल, ते कराच. पण कागदावर आणखी एक चित्र काढा: हीच गाडी, चालकाशिवाय, खाली येताना. तिचं प्रत्येक टोक कुणाच्या तरी अंगाला लागणार आहे, असं धरून मग डिझाइन करा.

मी एकोणतीस वर्षांची, पिट्सबर्गला. बायकांना वेगळा गट असतो का? की पुरुषांबरोबरच?
*एक वाचक*

दोन्ही. बऱ्याच क्लबांत बायकांचा स्वतंत्र गट असतो, आणि इंजिनाच्या आकाराच्या गटांत बाई म्हणून कुणी अडवत नाही. शुल्क भरून दोन्हींत उतरा, म्हणजे एका दिवसात चार वेळा चढायला मिळेल. शिकायला तेच लागतं. आणि तपासणीच्या तंबूत या, डबा घेऊन येईन.

आमचा सहा जणांचा ग्रुप आहे. रविवारी पहाटे यवतेश्वर घाटात टायमिंग लावतो. ट्रॅफिक नसतं. याला हिलक्लाइंबचा सराव म्हणता येईल का? लायसन्स काढायला हे दाखवता येईल का?
*एक वाचक, सातारा*

नाही. दोन्हींना नाही.

तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे आहात म्हणून स्पष्ट लिहिते. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर एक वर्ष आणि दहा हजारांपर्यंत. पण मला कायद्यापेक्षा त्या घाटाची काळजी वाटते. तो रस्ता मी लहानपणापासून ओळखते. पहाटे ट्रॅफिक नसतं म्हणजे गाड्या नसतात. दुधाचे कॅन घेऊन उतरणारा सायकलवाला असतो, कासला निघालेलं कुटुंब वळणावर फोटो काढत असतं, म्हशी असतात. आमच्या टेकडीवर मार्गाच्या दोन्ही बाजूंना दोरी, वर-खाली झेंडेवाले, पायथ्याशी रुग्णवाहिका, आणि रुग्णवाहिका एखाद्याला घेऊन गेली तर दुसरी येईपर्यंत शर्यत थांबते. तुमच्या घाटात यातलं काय आहे?

भारतात मोटरस्पोर्टचं नियमन एफएमएससीआय ही संस्था करते. जगभरच्या मोटरसायकल शर्यतींची जी शिखर संस्था एफआयएम, तिची ती भारतातली सभासद आहे. स्पर्धेत उतरायला तिचं स्पर्धा-लायसन्स लागतं, ते आरटीओच्या लायसन्सपेक्षा वेगळं. मातीतल्या शर्यती पुण्यात आणि कोल्हापुरात पूर्वीपासून होत आल्या आहेत. तिथून सुरुवात करा. सहा जण आहात, तर एखाद्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या मुरमाड पडीक चढावर, दिवसाउजेडी, एक जण वर, दोघे खाली उभे करून, चौथ्याने एकच गाडी चालवावी. उरलेले दोघे काय करतील, असं विचाराल. एकाने टेथर तपासायचा. दुसऱ्याने जवळचं हॉस्पिटल कुठे आहे आणि तिथे आज डॉक्टर आहे का, हे आधी जाऊन बघून यायचं.

घाटातलं टायमिंग कुठेही ‘दाखवू’ नका. ते पुरावा म्हणूनच वाचलं जाईल.

इंग्लंडमध्ये हेच नियम लागू होतात का?
*एक वाचक, बर्मिंगहॅम*

नाही. तुमच्याकडे नियम ठरवणारी संस्था एसीयू, म्हणजे ऑटो-सायकल युनियन, आणि टेकड्याही बहुतेक डांबरी. तुमच्यापासून फार लांब नाही असं शेल्सली वॉल्श आहे, १९०५ पासून तिथे चढाच्या शर्यती होतात, एक हजार यार्डांचा रस्ता. तिथे कातडी सूट लागतो आणि पडण्याची तऱ्हाच वेगळी असते. मातीवरचं माझं ज्ञान तिथे वापरू नका, एसीयूचं पुस्तक घ्या.

माझं वय ६७. घरात १९७८ ची येझदी आहे, मीच चालवतो. मुलगी क्लीव्हलँडला असते, सप्टेंबरात तिच्याकडे येतो आहे. या वयात आणि अशा गाडीवर कुणी चढतं का, एवढंच जाणून घ्यायचं होतं. भाग घेण्याचा विचार नाही. (थोडासा आहे.)
*एक वाचक, सांगली*

काका, कंसातलं वाक्य मी दोनदा वाचलं.

चढतात. जुन्या गाड्यांचे गट असतात आणि वयस्कांचेही. हा खेळच जुन्या गाड्यांवर मोठा झाला. १९२० च्या दशकात हार्ले, इंडियन आणि एक्सेल्सिअर या कंपन्या फक्त टेकडी चढायला खास गाड्या बनवत. जो पेट्राली हा त्या काळचा मोठा चालक आधी एक्सेल्सिअरवर, मग हार्लेवर टेकड्या जिंकत होता. आमच्या ओहायोचा अर्ल बोल्बी तर राष्ट्रीय विजेतेपद दहा वेळा घेऊन गेला, आणि ते बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या ट्विनवर, म्हणजे दोन सिलिंडरच्या गाडीवर. सभोवती नव्या जपानी गाड्या आल्या तरी त्याने ती सोडली नाही. आज बीएसए हे नाव महिंद्रा समूहाकडे आहे, २०१६ साली त्यांनी ते विकत घेतलं. नव्या येझदीही त्याच समूहातून निघतात, म्हणजे तुमच्या येझदीशी आता त्याचं घरचंच नातं जुळलं.

वयाची वरची मर्यादा नाही. पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर चढू नका. मधुमेह, हृदयाचा त्रास, जे असेल ते कागदावर खरं लिहा. रुग्णवाहिकेतला माणूस तुमच्याबद्दल तेवढंच जाणतो.

येझदी आणायच्या भानगडीत पडू नका, ती सांगलीतच बरी. तुम्ही या. क्लीव्हलँडहून ओरेगोनिया साडेतीन-चार तास. पिकरिंग्टन वाटेतच येतं, तिथे एएमएचं मोटरसायकल संग्रहालय आहे, तिथे एक तास तरी थांबा. शर्यतीच्या दिवशी टोपी, पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची आणा. बसायला डाव्या अंगाला जागा घ्या; दुपारी ऊन पाठीवर येतं आणि धुरळा दुसरीकडे जातो. मधल्या सुट्टीत तपासणीच्या तंबूत या. एखाद्या जुन्या ट्विनचा मालक तिथे असतोच, मी त्याला सांगून ठेवीन. किक तुम्हीच मारा.